एकच डॉक्टर असलेल्या केंद्रात निभावते काय?

एमबीबीएसनंतरच्या बंधपत्राच्या, म्हणजे सक्तीच्या शासकीय सेवेच्या, वर्षासाठी कोकणातील प्राथमिक आरोग्य केंद्र निवडावे काय, आणि तेथे एकच डॉक्टर असेल तर नवख्या माणसाचे निभावते काय, असे आपण विचारले आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील एका किनारी तालुक्यात मी सात वर्षे वैद्यकीय अधिकारी आहे आणि त्यांतील निम्म्याहून अधिक काळ केंद्रातील दुसरे पद रिक्त होते, आजही आहे. निभावते, असेच माझे उत्तर आहे. मात्र ते कोणाच्या बळावर निभावते, हे रुजू होण्यापूर्वी आपल्याला ठाऊक असावे.

डोंगराळ भागात 20,000 लोकसंख्येमागे एक केंद्र आणि 3,000 लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा निकष आहे, आणि आपल्या राज्यात केंद्रासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांची दोन पदे मंजूर असतात. दुसरे पद रिकामे राहिले की ओपीडीचा भार वाढतो, पण तो सोसता येतो. खरी अडचण अशी की, एकट्या डॉक्टरला केंद्र सोडता येत नाही आणि तरीही आठवड्यातून दोन-तीनदा ते सोडावेच लागते. तालुक्याची आढावा बैठक असते, उपकेंद्राची भेट असते, खाडीत बुडालेल्या माणसाचे शवविच्छेदन असते, न्यायालयात साक्ष असते. रुग्ण मात्र आपली वेळ पाहून येत नाही.

माझ्या पहिल्याच पावसाळ्यात मी तालुक्याला बैठकीसाठी गेलो असताना केंद्रातून सिस्टरांचा फोन आला. गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, ढासळलेला चिरा उचलताना एका बाईंना ‘पान लागले’ होते. आमच्याकडे सापाचे नाव न घेता असेच सांगतात. वर्णनावरून ते फुरसे असावे असे वाटत होते. आमच्या सड्यांवर, कातळावर ते नेहमीचे. मी निघालो, पण पोहोचायला तास तरी लागणार होता. सिस्टरांनी माझ्या सांगण्याची वाट न पाहता दोन मिलिलिटर रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेतले होते आणि नळी न हलवता घड्याळ लावून ठेवले होते. वीस मिनिटांनी त्यांनी नळी तिरकी केली, तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. फुरसे किंवा घोणस चावल्यावर रक्त गोठेनासे होते, आणि ते ओळखण्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. प्रतिसर्पविषाची ॲलर्जी उठलीच तर हाताशी असावी म्हणून ॲड्रेनॅलिन भरलेली सिरिंज उशाशी ठेवून, मी फोनवर असतानाच, त्यांनी त्याच्या दहा कुप्या सलाईनमधून सुरू केल्या आणि 108 ला कळवले. मी पोहोचलो तेव्हा बाईंचा रक्तदाब स्थिर होता. आठवड्याने त्या ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातून घरी परतल्या.

त्या संध्याकाळी मी सिस्टरांना नळीविषयी विचारले. साबणाने धुतलेल्या काचेत चांगले रक्तही गोठत नाही आणि चाचणी फसवते, हे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. त्यांनी मात्र न वापरलेल्या चार नळ्या फडक्यात गुंडाळून स्वतःच्या खणात वर्षानुवर्षे जपून ठेवल्या होत्या. म्हणून कळकळीने सांगतो, केंद्रात डॉक्टर एक असला तरी आरोग्यसेविका, औषध निर्माण अधिकारी, आशाताई आणि परिचर असतात, आणि त्यांना शिकवण्यात व त्यांच्याकडून शिकण्यात घालवलेला प्रत्येक तास आपल्या गैरहजेरीत उपयोगी पडतो. त्यांना नुसते हुकूम देणारा डॉक्टर खरोखर एकटा पडतो.

दुसरी गोष्ट रेफर करण्याची. सिझेरियन आपल्याकडे होत नाही, आणि ग्रामीण रुग्णालयातही स्त्रीरोगतज्ज्ञ आहे पण भूलतज्ज्ञ नाही, अशी वेळ पुष्कळदा येते. पुढे ओरोस, नाहीतर थेट गोव्यातील बांबोळी, किंवा घाट चढून कोल्हापूर. त्यामुळे गरोदर स्त्रीचा रक्तदाब आठव्या महिन्यात वाढू लागला की, ती प्रसूती कोठे होणार हे त्याच दिवशी घरच्यांना बोलावून ठरवावे. कळा सुरू झाल्यावर, गणपतीच्या दिवसांत, चाकरमान्यांच्या गाड्यांनी रस्ते भरलेले असताना रुग्णवाहिका शोधणे म्हणजे आईचा आणि बाळाचा वेळ घालवणे होय. रुग्णाला वेळेवर पुढे पाठवण्यात कमीपणा मानू नका.

तापाबाबत थोडक्यात सांगतो. लावणीच्या दिवसांत अंगदुखी आणि लाल डोळ्यांसह आलेला ताप लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदरांच्या मूत्राने दूषित चिखल-पाण्यातून होणारा आजार, असू शकतो, हे मनात ठेवूनच तपासा. तो टाळण्यासाठी चिखलात राबणाऱ्यांना आठवड्यातून एकदा 200 मिलिग्रॅम डॉक्सिसायक्लिन देण्याचे काम आरोग्यसेवक बांधाबांधांवरून फिरून करतात, आणि गरोदर स्त्रियांना ते द्यायचे नसते. दोडामार्ग भागात गेलात तर काजूच्या बागेत किंवा रानात जाणे झाले काय, मेलेले माकड दिसले काय, हेही विचारा, कारण 2016 पासून तेथे माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत.

नोंदी ठेवा, दमलात तरी ठेवा. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना विंचूदंशाच्या रुग्णांच्या खाटेशी बसून लक्षणे लिहून ठेवली, आणि पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध लाल विंचवाच्या दंशावर गुणकारी ठरते हे दाखवून दिले. त्या औषधाच्या गोळ्या आज माझ्याही कपाटात आहेत. ते कामही कोकणातल्या अशाच एका केंद्रात सुरू झाले होते, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

रिक्त पदाबद्दल दर महिन्याच्या अहवालात लिहीत राहा. मीही लिहितो, आणि उत्तर आले नाही याचा राग मला येतो. तोवर शेजारच्या केंद्रातील डॉक्टरांशी बोलून आठवड्यातील एक रात्र आलटून पालटून एकमेकांची सांभाळा, म्हणजे सलग झोप मिळेल. झोप न झालेल्या डॉक्टरच्या हातून डोस चुकतो.

आपण केंद्र घ्यावे असे मला मनापासून वाटते. रुजू व्हाल त्या दिवशी खुर्चीत बसण्यापूर्वी सिस्टरांबरोबर आपत्कालीन ट्रे उघडा, प्रतिसर्पविषाच्या कुप्या मोजा, ॲड्रेनॅलिनची मुदत पाहा आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी रात्री कोठे असते ते विचारा. आमच्याकडे ती पूर्वी परिचराबरोबर त्याच्या घरी जात असे. आता ती सिलिंडरलाच दोरीने बांधलेली आहे.