लक्झेंबर्गला येण्यापूर्वीच तेथील रेडिओ ऐकावा

नोकरीनिमित्त आपण सहकुटुंब लक्झेंबर्गला येत आहात आणि घरात इंग्रजीखेरीज दुसरी युरोपीय भाषा कोणालाच येत नसल्याने येथील रेडिओचा काही उपयोग होईल का, असे आपण विचारले आहे. उपयोग निश्चित होतो, आणि येथील केंद्रे इंटरनेटवर ऐकता येत असल्याने निघण्यापूर्वीच सुरुवात करता येते.

सर्वाधिक ऐकले जाणारे केंद्र म्हणजे एफएम ९२.५ वरील आरटीएल रेडिओ लेट्झेबुर्ग. त्याची भाषा लक्झेंबर्गी आहे. १९९१च्या कायद्याने आरटीएल या खासगी प्रसारण कंपनीची मक्तेदारी संपली आणि त्यानंतर १९९३ साली सरकारी निधीवर चालणारे सार्वजनिक केंद्र १००.७ सुरू झाले. तेथील बातम्या आणि मुलाखती सावकाश, समजावून सांगितलेल्या असतात; माझी पसंती त्यालाच आहे. पोर्तुगीज भाषकांसाठी रेडिओ लातिना आहे. इंग्रजी कार्यक्रम हवे असतील तर स्वयंसेवकांच्या बळावर चालणारे रेडिओ आरा लावावे. जर्मनीत घरटी प्रसारणशुल्क द्यावे लागते, तसे येथे नाही.

एवढ्याशा देशाला रेडिओची इतकी मोठी परंपरा कशी, याचे उत्तर आपल्याला परके वाटणार नाही. बीबीसीवर जाहिराती नव्हत्या, तेव्हा १९३३ पासून रेडिओ लक्झेंबर्गने येथून ब्रिटनकडे जाहिरातींसह इंग्रजी कार्यक्रम पाठवले. पुढे १९५२ साली नभोवाणीमंत्री केसकरांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीते हद्दपार झाली आणि आपली आधीची पिढी रेडिओ सिलोनकडे वळली, तोच हा प्रकार. ती इंग्रजी सेवा १९९२च्या अखेरीस थांबली, तर आरटीएलचे फ्रेंच दीर्घलहरी प्रक्षेपण २०२३च्या आरंभी बंद झाले.

इंग्रजी केंद्रावरच थांबू नये, असा माझा आग्रह आहे. पुढे नागरिकत्वाचा विचार केलात, तर त्यासाठीच्या लक्झेंबर्गीच्या परीक्षेत युरोपीय भाषापातळ्यांनुसार बोलण्याची पातळी ए२ लागते, पण ऐकून समजण्याची बी१, म्हणजे एक पायरी वरची. वर्गात बोलण्याचा सराव होतो. कान मात्र रोज ऐकूनच तयार होतो. येथे निवेदक लक्झेंबर्गीत प्रश्न विचारतो, पाहुणा फ्रेंचमध्ये उत्तर देतो आणि दोघांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. पहिले काही आठवडे मला हा गोंधळच वाटत असे. नंतर रोज सकाळी बसमध्ये एकच वार्तापत्र ऐकण्याचा नियम केला, आणि सर्वांत आधी हवामानाचे आकडे कळू लागले. पंचविसाला येथे ‘फेनेफान्झ्वान्झेग’ म्हणतात, म्हणजे आधी पाच आणि मग वीस. इंग्रजीच्या वळणाने ऐकणारा येथे अडखळतो, पण ‘पंचवीस’ म्हणत वाढलेल्या आपल्या मुलांना तो क्रम शिकवावा लागणार नाही.