शिवी वाचायची की गिळायची?

प्रश्न: ताई, सासऱ्यांची नजर गेल्यापासून रोज रात्री तासभर मी त्यांना पुस्तक वाचून दाखवते. सध्याच्या कादंबरीत पानोपानी शिव्या आहेत. मी त्या गाळते, नाहीतर सौम्य शब्द घालते. परवा त्यांनी विचारलं, "सूनबाई, मध्येच अडखळतेस का?" मी अक्षर बारीक आहे म्हणाले. खोटं बोलल्याचं वाईट वाटतंय. असली पुस्तकं वाचावीतच कशाला? – एक वाचक

उत्तर: मनात वाचताना शिवीवरून डोळा सरकतो. मोठ्याने वाचताना ती आपल्याच आवाजात बाहेर पडते, तीही सासऱ्यांसमोर. तुमचा संकोच मला अगदी कळतो.

मी बावीस वर्षं मुद्रितशोधन केलं. फुल्या घालायचं काम माझ्याकडे असे. पहिलं अक्षर ठेवायचं, पुढे फुल्या. एका कथेत मुकादम मजुरी कापतो आणि इतके दिवस मुकाट राहिलेला मजूर पहिल्यांदा उलटून शिवी देतो. वरून सांगितलं म्हणून मी ती काढून 'नालायका' घातलं. अंक निघाल्यावर लेखकाचं दोन ओळींचं पत्र आलं: माझा माणूस एकदाच बोलला, आणि तुम्ही त्याचं तोंड दाबलंत. ते पत्र मी जपून ठेवलं आहे. 'नालायका' हा माझ्या तोंडचा शब्द होता, त्याच्या नव्हे.

शिवाय लपवून लपत काहीच नाही. अमेरिकन लेखक नॉर्मन मेलरच्या १९४८च्या युद्धकादंबरीत सैनिकांची शिवी स्पेलिंग बदलून छापली गेली, पण मूळ शब्द कुणालाही कळत होता. इंग्रज लेखक डी. एच. लॉरेन्सच्या 'लेडी चॅटर्लीज लव्हर' या कादंबरीवर १९६० साली लंडनमध्ये अश्लीलतेचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकिलाने कोणता शब्द किती वेळा आला हे मोजून सांगितलं. तरी ज्यूरीने प्रकाशकाला निर्दोष सोडलं. त्याच कादंबरीच्या विक्रीबद्दल भारतात एका पुस्तकविक्रेत्याला दोषी ठरवण्यात आलं आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली तो निकाल कायम ठेवला. एकाच पुस्तकाबद्दल न्यायालयांचीही मतं अशी वेगळी पडतात. तुम्ही मात्र सासऱ्यांना न विचारताच निकाल देऊन टाकलात.

पण म्हणून काही सरसकट सगळ्या शिव्यांची बाजू मी घेत नाही. भांडण दोन पुरुषांचं आणि उद्धार होतो आईचा, बहिणीचा. याची मला चीड आहे. जातीवरून दिलेली शिवी छापील पानावरही मला टोचते, आणि टोचावीच. अशा वेळी मी पुढची ओळ बघते. शिवी ज्याला बसली, तो पुढच्या ओळीत काय करतो? मान खाली घालतो, हात उचलतो, घरी जाऊन बायकोवर राग काढतो? लेखकाने हे पाहिलं असेल तर ती शिवी त्या प्रसंगाची आहे. कुणाला काही लागतच नसेल आणि पान नुसतं शिव्यांनी भरलं असेल, तर पुस्तक मिटायला मी मागेपुढे पाहत नाही. तुमच्या कादंबरीला ही कसोटी लावून बघा. पण पुस्तक मिटायचं की नाही, हे ऐकणाऱ्यालाही ठरवू द्या.

आज रात्री वाचायला बसण्याआधीच सांगून टाका: "मामंजी, यात शिव्या आहेत. त्या मी गाळत होते. माझ्या तोंडून त्या निघत नाहीत." ते कदाचित म्हणतील, वाच. कदाचित म्हणतील, नको. 'इथे शिवी आहे' एवढंच म्हणून थांबायचं असंही ठरवता येईल, किंवा तेवढी पानं तुमच्या यजमानांनी वाचावीत. स्वतःवर जबरदस्ती करू नका. फक्त लेखकाचा शब्द बदलून तो लेखकाचाच म्हणून वाचू नका. त्यांना आता पान दिसत नाही, तुमच्या आवाजावर त्यांची सारी भिस्त आहे.

आणि त्यांना चालणार असेल, तर जिथून गाळायला सुरुवात केलीत त्या प्रकरणापासून पुन्हा वाचा.