पुस्तक मिटत का नाही? क्रेझी क्विल्टच्या पानांविषयी वाचकांचे प्रश्न

क्रेझी क्विल्ट म्हणजे रेशीम, मखमल, खण, जरीकाठ यांचे वेडेवाकडे तुकडे एका साध्या सुती कापडावर बसवायचे आणि प्रत्येक जोडावर भरतकाम करायचं. १८८०च्या दशकात अमेरिकेत या प्रकाराचं वेड होतं. ती गोधडी अंगावर घ्यायची नसे, दिवाणखान्यात मिरवायची असे. तिचे सुटे ब्लॉक (म्हणजे भरतकाम केलेले सुटे चौकोन) कापडी पुस्तकाच्या पानांना चांगले शोभतात ते त्यामुळेच. या वेळी आलेले प्रश्न भरतकामाचे नाहीत, ते संपल्यानंतरचे आहेत. बहुतेकांची अडचण एकच: पुस्तक करायचं हे ब्लॉक झाल्यावर ठरलं.

बारा ब्लॉक भरून झाले आहेत. सगळे आठ बाय आठ इंचांचे कापले होते. आता मोजले तर एकही चौरस नाही. कोणी पावणेआठ, कोणी साडेसात. एका ब्लॉकवर तर मणी अगदी कडेपर्यंत गेलेत. शिवायचं कसं? (नाशिक)

टाका कापड ओढतोच. हेरिंगबोन आणि फेदर टाक्यांची गर्दी असेल तर आठ इंचांत पाव ते अर्धा इंच सहज जातो, आणि जिथे काम दाट तिथे जास्त, म्हणून चौरस वाकडा होतो. पुढच्या वेळी सात इंचांच्या पानासाठी खालचं कापड दहा इंचांचं घ्या, भरतकाम संपल्यावरच आठवर कापा. चारी बाजूंना अर्धा इंच माया (शिवणीत जाणारी कड) मिळते. खालचं मांजरपाट आधी धुऊन घ्या, नाहीतर ते नंतर आटतं आणि वरचं रेशीम फुगतं.

आत्ताच्या बारा ब्लॉकांत सगळ्यात लहान जो, तो माप ठरवणार. तो साडेसात इंचांचा आहे, म्हणजे अर्धा इंच माया सोडून पान साडेसहा इंचांचं. हे मान्य नसेल तर लहान ब्लॉकांना चारी बाजूंनी खणाची किंवा साध्या सुती कापडाची पट्टी लावून चौकट करा. ती वाईट दिसत नाही. उलट भडक ब्लॉकाला थोडी मोकळी जागा मिळते.

कापण्याआधी इस्त्री. जाड टॉवेल दुमडून त्यावर ब्लॉक पालथा ठेवा म्हणजे टाके टॉवेलमध्ये रुततात, चेपत नाहीत. मखमलीवर इस्त्री दाबू नका, नुसती वाफ द्या. प्लॅस्टिकच्या टिकल्या असतील तर त्या भागाला इस्त्री नकोच, त्या आकसतात.

मग एका पुठ्ठ्यात साडेसहा इंचांची चौकोनी खिडकी कापा. ती ब्लॉकवर सरकवत राहा. कोणता भाग आत घ्यायचा हे डोळ्यांना लगेच कळतं, आणि ते बहुधा ब्लॉकच्या बरोब्बर मध्यावर नसतं. खिडकीचे चार कोपरे खडूने टिपा आणि रेघांनी जोडा. या रेघेच्या बाहेर एक सूत अंतरावर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) चारी बाजूंनी मशीनची बारीक टीप मारा. ही टीप विसरलात तर कात्री चालवताच भरतकामाचे कापलेले दोरे मागून सुटायला लागतात. टीप झाल्यावर रेघेपासून अर्धा इंच सोडून कापा.

मायेत आलेले मणी काढावेच लागतील. पण दोरा कापण्याआधी शेवटच्या राहणाऱ्या मण्यापाशी मागून दोन बारीक टाके घेऊन गाठ मारा, नाहीतर अख्खी ओळ ओघळते. रेघेच्या आत अगदी लगत मणी असेल तर मशीनला चेनचा फूट लावा. तोही घासत असेल तर तेवढी दोन इंच शिवण हाताने बखियाची करा. मण्यावर सुई आपटून मोडली तर तुकडा डोळ्याकडे उडतो.

सहा पानं केली, प्रत्येकात दोन ब्लॉक पाठीला पाठ लावून. डाव्या बाजूने सगळी एकत्र टीप मारून बांधली. पुस्तक मिटतच नाही, पंख्यासारखं उघडं राहतं. (डोंबिवली)

ही जांभई जवळजवळ प्रत्येकाच्या पहिल्या पुस्तकाला येते. हिशेब करून पाहा. बटणं, मणी, रिबिनीची फुलं धरून एक पान मध्यभागी पाव इंच जाड, म्हणजे सहा पानांचे दीड इंच. पण डावीकडे टिपेखाली दाबलेलं पान एक सूतच भरतं, म्हणजे पाऊण इंच. मधला पाऊण इंच कुठेतरी दिसणारच. पानांवर वजन ठेवून उपयोग नाही, त्याने फक्त फुलं चेपतील.

कण्याची टीप उसवा, पानं तशीच राहू द्या. कमी कष्टाचा उपाय असा: एक इंच रुंदीच्या फेल्टच्या पट्ट्या पानाच्या उंचीला कापा आणि दोन पानांच्या मध्ये, फक्त कण्यापाशी, दोन-दोन थर ठेवा. पाच फटींत मिळून साधारण पाच सूत जाडी भरून निघते. मग दाभणाने पाऊण-पाऊण इंचावर भोकं पाडून मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने हाताने शिवा. मशीनला एवढी जाडी झेपणार नाही.

नवं पुस्तक करणार असाल तर पानं एकमेकांना जोडूच नका, कण्याला जोडा. त्यासाठी प्रत्येक पानाला कापडाची बिजागरी हवी. साडेसहा इंचांच्या पानासाठी केसमेंटसारख्या घट्ट विणीच्या कापडाची सव्वासात इंच लांब आणि अडीच इंच रुंद पट्टी घ्या. दोन्ही टोकं अर्धा इंच आत दुमडा, मग पट्टी लांबीत निम्मी करा. आता ती सव्वासहा इंच लांब आणि सव्वा इंच रुंद झाली. पानाची डावी बाजू उघडी असतानाच पट्टीच्या सुट्या कडा अर्धा इंच आत सरकवा आणि बाजू शिवून टाका. पाऊण इंच बाहेर राहतो, आणि बाहेरची कड घडीची असल्याने सुबक दिसते.

कण्याची रुंदी अंदाजाने घेऊ नका. सगळी पानं एकावर एक रचा, वर एखादं हलकं पुस्तक ठेवा आणि उंची मोजा. दीड इंच भरली तर कणा दीड इंचाचा, आतून कॅनव्हास लावलेला. त्याच्या आतल्या बाजूला उभ्या सहा रेघा मारा: पहिली कडेपासून एक सूतावर, पुढची प्रत्येक पाव इंचावर. सहावी दुसऱ्या कडेपासून बरोब्बर एक सूतावर येते. आता कणा आणि दोन्ही बाजूंचं वेष्टन उताणं पसरा. सुरुवात शेवटच्या पानापासून, उजवीकडच्या रेघेवर. बिजागरीची घडी रेघेवर उभी धरून आधी एका बाजूने हेमचे बारीक टाके घ्या, मग पान उलटं पाडून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने शिवलं तर पान कलतं. शिवलेली पानं उजवीकडे पडत जातात, हात घालायला जागा राहते. पहिल्या पानापासून सुरुवात केली की चौथ्या पानाला सुई कुठून घालायची हा प्रश्न पडतो.

आणखी एक. कण्याकडचा एक इंच भाग सपाट ठेवा, तिथे बटण, मणी, फूल काही नको. पान उलटताना सगळा ताण तिथेच येतो.

मला वहीसारखं, मध्ये दुमडून शिवलेलं पुस्तक करायचं आहे. आठ ब्लॉक आहेत. जोडून पाहिले तर क्रम चुकला, पहिल्या पानामागे सातवं आलं. (एडिसन, न्यू जर्सी)

दुमडून शिवायच्या पुस्तकात शेजारी शिवलेले दोन ब्लॉक वाचताना शेजारी येत नाहीत, मधली जोडी सोडून. आठ पृष्ठांसाठी दोन पत्रे लागतात (पत्रा म्हणजे मध्ये दुमडायचा जोड, दोन्ही बाजूंना दोन-दोन ब्लॉक असलेला). बाहेरच्या पत्र्याच्या वरच्या बाजूला डावीकडे ८, उजवीकडे १. आतल्या बाजूला डावीकडे २, उजवीकडे ७. दुसऱ्या पत्र्यावर वर ६ आणि ३, आत ४ आणि ५. एका बाजूच्या दोन आकड्यांची बेरीज नेहमी ९ येते. बारा पृष्ठांना १३ येईल. ब्लॉकांची संख्या चारच्या पटीत हवी. आधी कागदाचे दोन कपटे दुमडून आकडे लिहा आणि ते कपटे ब्लॉकांना टाचून मगच मशीनवर बसा.

दोन ब्लॉकांच्या मध्ये साध्या कापडाची दोन इंच रुंद पट्टी जोडा. शिवल्यावर ती एक इंच उरते आणि घडी तिच्यावर पडते. भरतकामावर घडी पडली तर तिथले टाके लवकर झिजतात. शिवायला तीन भोकं पुरतात: एक मध्यावर, दोन टोकांपासून पाऊण इंचावर. वीस इंच दोरा घ्या. आतून मधल्या भोकातून बाहेर, वरच्या भोकातून आत, आतून लांब टाका घेत खालच्या भोकातून बाहेर, पुन्हा मधल्यातून आत. दोऱ्याची दोन टोकं त्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना ठेवून गाठ मारा. असे दोन पत्रे, फार तर तीन. त्याहून जास्त घातले की आतली पानं कडेने बाहेर डोकावतात.

पानं उलटवून शिवावीत की गोट लावावा? गोटाला कापड किती लागेल? माझे कोपरे नेहमी गाठोड्यासारखे होतात. (कोल्हापूर)

मणी-बटणं भरपूर असतील तर गोट. उलटवताना सगळं ओढलं जातं आणि टाके तुटतात. गोटात माया आत दुमडायची नसते, म्हणून ब्लॉक पानाच्याच मापाचा कापा. मात्र कडेचे तीन सूत गोटाखाली झाकले जातात हे धरून चाला.

पट्टी अडीच इंच रुंद, सरळ धाग्यात. उरेब पट्टी फक्त गोल कोपऱ्यांना लागते, चौकोनी पानाला ती ताणून पान वेडंवाकडं होतं. पट्टी लांबीत निम्मी दुमडा आणि तीन सुतांवर शिवा. सात इंचांच्या पानाचा घेर अठ्ठावीस, जोड आणि कोपऱ्यांसाठी दहा, म्हणजे अडतीस इंच. सहा पानांना २२८ इंच. चव्वेचाळीस इंची पन्ह्यात सहा पट्ट्या, अर्ध्या मीटरमध्ये भागतं. छत्तीस इंची पन्ह्यात तिरक्या जोडांत जाणारी लांबी धरून सात पट्ट्या, म्हणजे साडेसतरा इंच लागतात, आणि अर्धा मीटर पावणेवीस इंचांचा, म्हणजे तेही भागतं. कापड सुती घ्या. रेशमी गोट हाताळून कडेला लवकर विरतो.

कोपऱ्याची गाठ होते कारण टीप थेट टोकापर्यंत नेली जाते. टोकाच्या तीन सूत आधी थांबा, उलटी टीप मारून पान मशीनवरून काढा. पट्टी सरळ वर दुमडा म्हणजे तिरकी घडी पडेल, मग तीच पट्टी खाली आणून पुढच्या कडेशी जुळवा आणि टीप अगदी कडेपासून सुरू करा. मागच्या बाजूने हेम करताना कोपऱ्यातली घडी पुढच्या घडीच्या उलट दिशेला पाडा, जाडी दोन्हीकडे वाटली जाते.

उलटवूनच शिवायचं असेल तर कोपऱ्यात काटकोन न करता एक टाका तिरका घ्या, माया तिरकी कापा पण टिपेपासून दोन मिलिमीटर राखून. कोपरा बाहेर काढायला विणायच्या सुईची बोथट बाजू वापरा. कात्रीचं टोक घातलं की भोक ठरलेलं.

पान ताठ राहावं म्हणून आत पुठ्ठा घातला होता. पावसाळ्यात डाग आले. (मडगाव)

पुठ्ठा ओल धरतो आणि पिवळट डाग कापडाला देतो. बकरमही दमट हवेत खळ सोडून मऊ पडतं. इस्त्रीने चिकटणारं कॅनव्हास घ्या, पण ब्लॉकला नका चिकटवू. मलमलीच्या दोन तुकड्यांना चिकटवून ते आत सरकवा, शिवल्यानंतरच्या पानापेक्षा चारी बाजूंनी एक सूत लहान. पूर्ण मापाचं घातलं तर पान कडेला वळत नाही, शिवण ताणते.

पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आतली ओल आतच राहते. सुती कापडात गुंडाळा आणि आडवं ठेवा. उभं ठेवलं तर मण्यांचं वजन पानं खाली ओढतं. डांबराच्या गोळ्या जरीला टेकू देऊ नका.

नातवासाठी असंच पुस्तक करायचं आहे, वय दहा महिने. (पुणे)

फक्त सुती कापड, सपाट भरतकाम, पाच इंचांची तीन पानं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी बटण, मणी, टिकली, घुंगरू काहीही नको, कितीही घट्ट शिवलं तरी. लांब रिबीन नको. पुस्तक तोंडात जाणार, धुवावं लागणार. म्हणून गडद लाल आणि निळ्या तुकड्यांवर ओला पांढरा रुमाल मिनिटभर दाबून धरा. रुमाल रंगला तर तो तुकडा बाद. आत कॅनव्हास घालू नका, फ्लॅनेलचा एक थर पुरे.

आजीच्या पैठणीचा तुकडा पानात बसवला. टाका घातला की कापड चिरतं. (सोलापूर)

जुनं रेशीम घडीच्या रेघांवर आधी मरतं, आणि जरीच्या तारा शेजारचे रेशीमधागे कापत असतात. अमेरिकेतल्या जुन्या क्रेझी क्विल्टची तर याहून वाईट गत झाली. तिथलं रेशीम वजनदार करण्यासाठी कथिलाचे आणि लोखंडाचे क्षार चढवलेले असत, त्याने ते आपोआप फाटत गेलं. तसे तुकडे आज वरून तलम जाळी घालून सांभाळतात. पैठणीलाही तेच करा. तुकड्याखाली मऊ मलमल ठेवा, वर त्याच रंगाची बारीक नेट अंथरा. तुकड्याच्या बाहेर, चारी कडांच्या जोडांवरच बारीक टाके घेऊन नेट आणि मलमल धरून ठेवा. पैठणीच्या अंगातून सुई घालू नका. भरतकामाची हौस असेल तर ती शेजारच्या खणावर भागवा.