डोंगरातली जुनी खाण आणि टिकटिकणारा ढिगारा

प्रश्न: नमस्कार सर. मुलीकडे अमेरिकेत गेलो होतो तेव्हा जावयांनी कोलोरॅडोतल्या सेंट्रल सिटीला नेलं. सोन्याच्या जुन्या खाणींचं गाव, इतकं उंचावर की चार पावलं टाकली की दम लागतो. जावयांकडे गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं, टिकटिकणारं यंत्र) होता, क्वार्ट्झ हिलवर एका ढिगाऱ्याजवळ धरला तर टिकटिक एकदम वाढली. युरेनियम आहे म्हणे तिथे. मग ते काढत का नाहीत? आम्ही अर्धा तास तिथे होतो, काही होणार नाही ना? आणि (सौ.ला सांगू नका) एक काळा दगड खिशातून आणलाय, शोकेसमध्ये ठेवला तर चालेल का?

उत्तर: सौ. हे सदर वाचत नसतील अशी आशा करूया. 😀

युरेनियम आहे तिथे, आणि त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८५९ मध्ये सोनं सापडल्यावर सगळा डोंगर पोखरून काढला, त्यात कुठे कुठे काळा, हाताला भलताच जड लागणारा पिचब्लेंड, म्हणजे युरेनियमचं खनिज, निघायचा आणि सोन्याच्या नादात असलेल्यांना त्याचं काय करायचं तेच कळायचं नाही. १८७१ मध्ये तिथल्या वुड खाणीत रिचर्ड पिअर्स नावाच्या माणसाने तो ओळखला. किरणोत्सर्गाचा शोध लागायला अजून २५ वर्षं होती, त्या काळी युरेनियम म्हणजे काच आणि चिनी मातीची भांडी रंगवायची वस्तू, बस्स.

आता काढत का नाहीत? कारण माल थोडा आणि तोही विखुरलेला. साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी खालून गरम पाणी भेगांमधून वर आलं, त्यातून सोनं, चांदी, शिसं, जस्त वगैरे बसलं, आणि युरेनियम मात्र त्या भेगांत मध्येच कुठेतरी एखादा गठ्ठा, एखादी पट्टी असं जमलं. आसपास बोस्टोनाइट नावाचा अग्निजन्य खडक आहे, तो स्वतःच बऱ्यापैकी किरणोत्सर्गी असल्याने युरेनियम त्याच्याच मूळ शिलारसातून आलं असं भूवैज्ञानिक म्हणतात. एक गठ्ठा संपला की पुढचा कुठे, हे सांगता येत नाही, तो शोधायला कठीण खडकात बोगदे मारत बसायचं, परवडणार कुणाला? १९५० च्या दशकात अमेरिकन सरकार स्वतः युरेनियम विकत घ्यायचं तेव्हा लोक काउंटर घेऊन डोंगर पालथे घालत होते. आज कझाकस्तानात जमिनीत द्रावण सोडून ते पंपाने वर काढतात, जगातलं साधारण ४० टक्के युरेनियम तिथून येतं, त्या भावाशी हा डोंगर काय टक्कर देणार.

अर्ध्या तासाची काळजी सोडा. उघड्यावर, वारा असताना त्याने काही होत नाही. बोगद्याच्या तोंडाशी डोकावला असाल तर मात्र कान धरतो तुमचा! युरेनियमपासून पुढे रेडियम आणि त्यातून रेडॉन वायू होतो, तो बंद बोगद्यात साठतो, फुप्फुसाला वाईट. शिवाय कुजकी लाकडं, झाकलेले खड्डे, ऑक्सिजन नसलेली हवा. एकट्या कोलोरॅडोत अशा सोडून दिलेल्या खाणी सुमारे २३,००० आहेत. आणि खरं सांगू का, त्या भागाचा मोठा त्रास युरेनियम नाहीच, खाणीतून झिरपणारं आम्लयुक्त पाणी आहे, त्यातून जस्त, तांबं, कॅडमियम ओढ्यात जातं. १९८३ पासून ती जागा सरकारच्या सुपरफंड सफाई यादीत आहे. दगडाला घाबरून लोक ओढ्याचं पाणी बिनधास्त पितात याचं मला नेहमी नवल वाटतं.

दगडाचं म्हणाल तर तो आणायला नको होता, तिथल्या बऱ्याच खाणींच्या जागा खासगी आहेत. आता आणलाच आहे तर आधी काउंटरने तपासून घ्या, कारण प्रत्येक काळा दगड पिचब्लेंड नसतो. टिकटिकला तर बंद शोकेस नको, आत रेडॉन साठतो. झोपायच्या खोलीत नको, नातवंडांच्या हातात तर नकोच. फोडायचा नाही, घासायचा नाही, हात लावला की साबणाने धुवायचे. मीटरभर लांब धरला तरी टिकटिक किती कमी होते ते बघा एकदा.

प्रश्न: युरेनियमचा दगड अंधारात हिरवा चमकतो का?

उत्तर: नाही हो, सिनेमात चमकतो. पिचब्लेंड अंधारात काळाच दिसतो. ऑट्युनाइट नावाचं युरेनियमचं पिवळसर खनिज मात्र अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारला की झक्क हिरवं दिसतं, टॉर्च बंद की खेळ खलास.