नाना तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात, काळजी कधी करायची?

(ओळख पटू नये म्हणून कुटुंबाचे तपशील बदलले आहेत.)

"गेल्या आठवड्यात जेवताना चार वेळा पानशेत झालं. मुलगा आता ताटावरूनच म्हणतो, 'आता पातेलं येणार.' सगळे हसतात. मला मात्र रात्री झोप लागत नाही. माझ्या आजीचंही असंच सुरू झालं होतं, शेवटी ती आम्हाला ओळखतही नव्हती. नानांचं तेच सुरू झालंय का?"

कोथरूडहून आलेल्या या ताईंचे सासरे, नाना, ७६ वर्षांचे. घरात सासूबाई, नवरा आणि नववीतला मुलगा. नाना स्वतः चालते-फिरते, पेन्शनचं पासबुक स्वतः भरून आणणारे. तक्रार एकच, ती गोष्ट.

गोष्ट अशी. १२ जुलै १९६१, बुधवार. नाना बारा वर्षांचे, नारायण पेठेतल्या वाड्यात राहणारे. पानशेतचं मातीचं धरण अजून पूर्ण व्हायचं होतं, ते सकाळी फुटलं. त्या लोंढ्यापुढे खालचं खडकवासल्याचं दगडी धरणही दुपारी गेलं. "पानशेत फुटलं, पळा" असं ओरडत माणसं रस्त्यातून धावत होती. आईनं दूध तापायला ठेवलेलं. तिनं ते गरम पातेलं पदरात धरलं, तीन पोरांना पुढे घातलं आणि निघाली ती थेट पर्वतीच्या पायथ्याशी. दागिन्यांचा डबा फडताळातच राहिला. तिथं पोचून झाकण काढलं तर दुधावर साय धरलेली. इथं नाना दोन्ही तळवे एकमेकांजवळ आणून, जणू पातेलं धरलंय असे, म्हणतात, "साय मोडली नव्हती!"

पहिल्यांदा ऐकणारा या वाक्याला हमखास दाद देतो. घरच्यांनी ते शेकडो वेळा ऐकलेलं.

ताईंचा प्रश्न फार घरांतून येतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. आवडीची आठवण पुन्हा सांगणं वेगळं आणि सांगितलेलंच विसरून पुन्हा सांगणं वेगळं. पहिल्यात माणूस गोष्ट सांगायचं ठरवतो. निमित्त मिळतं, ऐकणारा मिळतो, गोष्ट सुरू होते आणि शेवटाला पोचते. दुसऱ्यात दहा मिनिटांपूर्वी तुम्हालाच सांगितलंय याचा मागमूसही नसतो. "मघाशीच सांगितलंत" म्हटलं तर चेहऱ्यावर ओशाळेपणा न येता गोंधळ दिसतो. गोष्ट मध्येच तुटते, किंवा पहिल्या दोन वाक्यांवर परत परत येते.

मधली एक पायरी मात्र अगदी निरोगी माणसातही असते. एखादी बातमी आपल्याला कोणी सांगितली हे बऱ्यापैकी लक्षात राहतं, पण आपण ती कोणाकोणाला सांगितली हे त्या मानाने कमी राहतं. बोलताना लक्ष शब्द जुळवण्याकडे असतं, समोरच्याच्या चेहऱ्याकडे कमी. वय वाढतं तशी ही उणीव वाढते. म्हणून दोन आठवड्यांनी त्याच पाहुण्याला तीच गोष्ट सांगितली, एवढ्यावरून घाबरायचं कारण नाही.

आणि पानशेतच का? म्हातारपणी मागे वळून पाहताना साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी बाकीच्या आयुष्यापेक्षा दाटीने वर येतात, असं स्मृतीच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे. नाना तेव्हा बारा वर्षांचे. शिवाय अख्ख्या पुण्याने एकाच दिवशी भोगलेला प्रसंग, पुढची कित्येक वर्षं घराघरांत "तुम्ही तेव्हा कुठे होतात?" अशीच बोलण्याची सुरुवात व्हायची. इतक्या वेळा सांगून गोष्ट गुळगुळीत होते, तिला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट येतो.

पण इथेच एक गैरसमज आहे आणि तो धोक्याचा आहे. "बघा ना, साठ वर्षांपूर्वीचं कसं खडान्‌खडा आठवतंय, म्हणजे स्मरणशक्ती उत्तम!" असं पुष्कळ घरांत म्हटलं जातं. स्मृतिभ्रंशाच्या सुरुवातीला जुन्या आठवणी बराच काळ शाबूत असतात, जाते ती आज सकाळची गोष्ट. त्यामुळे पानशेत सुरेख सांगता येणं हा आजार नसल्याचा पुरावा नाही, आणि पानशेत सारखं सांगणं हा आजार असल्याचाही पुरावा नाही. गोष्टीकडे बघून निदान होत नाही. बघायचं ते बाकीच्या दिवसाकडे.

म्हणून ताईंना चौदा दिवसांचं काम दिलं. एक वही, चार रकाने: वेळ, समोर कोण होतं, आधी काय चाललं होतं, गोष्ट कुठे सुरू होऊन कुठे संपली. त्याच माणसाला त्याच दिवशी पुन्हा सांगितली तर पुढे फुली. वहीच्या मागच्या पानावर नेहमीच्या कामांत काही चुकलं का ते लिहायचं: गॅस चालू राहणं, औषध दोनदा घेणं, ओळखीच्या रस्त्यावर भांबावणं, पैशांचा हिशेब न जमणं, साधा शब्द न सुचून "ते हे" म्हणत राहणं. नोंद लगेच करायची. रात्री आठवून लिहिली की जी गोष्ट खुपली तीच मोठी होऊन उतरते.

वही परत आली तेव्हा तिच्यात सतरा नोंदी होत्या. फुली एकही नाही. मागचं पान जवळजवळ कोरं. पण तिसरा रकाना बोलका होता. बारा नोंदींत गोष्ट रात्रीच्या जेवणाला किंवा पाहुणे बसले असताना आलेली, आणि आधी काय चाललं होतं तर "सगळे एकदम बोलत होते", "टीव्ही सुरू होता", "दोघं भाऊ गाडीबद्दल बोलत होते". सकाळी नाना आणि ताई दोघंच भाजी आणायला जात, त्या वाटेवर पानशेत एकदाही आलं नव्हतं. तिथं नाना कोथिंबिरीच्या भावापासून नातवाच्या गणितापर्यंत सगळं बोलत.

म्हणून पहिली शंका कानांवर गेली.

वयाने येणाऱ्या बहिरेपणात आवाज नाहीसा होत नाही. आधी बारीक पट्टीचे ध्वनी जातात. स, श, फ, त, क ही व्यंजनं पुसट होतात, स्वर ऐकू येत राहतात. म्हणून अशी माणसं "मला ऐकू येतं" असं म्हणतात आणि ते खरंच असतं. कळत मात्र नाही. शांत जागी, समोरासमोर, एकाच माणसाचं बोलणं ओठ बघत समजतं. चार जणांत, भांड्यांच्या आवाजात, टीव्हीखाली ते हातातून निसटतं. मग माणसापुढे दोन वाटा उरतात: गप्प बसायचं, किंवा स्वतः बोलायचं. स्वतः बोलत असलं की ऐकावं लागत नाही, आणि पाठ असलेल्या गोष्टीत चूक होण्याची भीती नसते. नाना पानशेत सांगून गप्पांमध्ये आपली जागा धरून ठेवत होते.

तरीही मेंदूची तपासणी टाळली नाही, टाळूही नये. डॉक्टरांकडे साध्या रक्तचाचण्या झाल्या: बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता वारंवार सापडते आणि ती विसराळूपणा वाढवते. नानांचंही कमी निघालं, ते इंजेक्शनांनी भरून काढलं. चालू औषधांची सगळी पाकिटं पिशवीत घालून नेली, कारण झोपेच्या गोळ्या, सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या आणि लघवीसाठीची काही औषधं म्हाताऱ्या मेंदूला मंद करतात. मन उदास आहे का, हेही विचारलं गेलं. स्मरणशक्तीच्या चाचणीत तीसपैकी सत्तावीस गुण आले.

मग कान. आधी कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला. पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो. नंतर श्रवणचाचणीत दोन्ही कानांत मध्यम बहिरेपणा दिसला, बारीक पट्टीत जास्त.

श्रवणयंत्राबद्दल इथे थोडं सविस्तर लिहितो, कारण पुष्कळ यंत्रं सुरुवातीच्या दिवसांतच कपाटात जाऊन पडतात. चूक ठरलेली असते: यंत्र आणलं की थेट लग्नाला किंवा बाजारात घालून जायचं. इतकी वर्षं न ऐकलेले खुर्च्यांचे, भांड्यांचे, स्कूटरचे आवाज एकदम अंगावर येतात आणि माणूस "हे नकोच" म्हणतो. पहिला आठवडा शांत खोलीत, एका माणसाशी बोलताना, दिवसाला दोन तास. दुसऱ्या आठवड्यात टीव्ही, आवाज इतरांना चालेल एवढाच. तिसऱ्यात जेवणाचं टेबल. गजबज शेवटी. दोन-तीन आठवड्यांनी यंत्राची जुळणी पुन्हा करून घ्यायलाच हवी, पहिली जुळणी क्वचितच बरोबर बसते. गोल बटणासारखी बॅटरी असेल तर स्टिकर काढल्यावर एक-दोन मिनिटं हवेला ठेवून मग घालायची. पावसाळ्यात रात्री यंत्र ओल शोषणाऱ्या पुडीच्या डबीत ठेवायचं. आणि घरच्यांनी ओरडू नये. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच पुसट राहतात. समोर येऊन, किंचित सावकाश बोलावं.

बहिरेपणाकडे दुर्लक्ष करणं बरं नाही याचं आणखी एक कारण आहे. स्मृतिभ्रंशाच्या ज्या जोखमी कमी करता येतात त्यांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ आयोगाने २०२० आणि २०२४ च्या दोन्ही अहवालांत श्रवणदोष धरला आहे.

आता गोष्टीचं काय करायचं? ताईंचा नवरा "हो बाबा, माहितीये" म्हणून उठून जायचा. सासूबाई दर वेळी दुरुस्ती करायच्या: "अहो, तीन नव्हे, दोनच पोरं होती बरोबर, धाकटा मामाकडे होता." त्या मूळच्या साताऱ्याच्या, पुराच्या वेळी पुण्यात नव्हत्या, पण लग्नानंतर पन्नास वर्षं ऐकून त्यांची स्वतःची एक आवृत्ती तयार झालेली. दुरुस्ती झाली की नाना चिडत आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू करत. घरात कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, पण वहीतल्या पाच नोंदी याच कारणाने लांबल्या होत्या.

दोन बदल सुचवले. पहिला, गोष्ट अडवायची नाही आणि "माहितीये" म्हणायचं नाही. तिच्यात शिरून एक नवा, बाजूचा प्रश्न टाकायचा. "का" आणि "कसं वाटलं" हे प्रश्न टाळायचे, त्यांना पाठ उत्तरं मिळतात. हाताला, नाकाला, पोटाला विचारायचं: त्या रात्री काय खाल्लंत? अंगावर काय होतं? परत आल्यावर वाड्याला वास कसला येत होता? दुसरा, आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रण. सकाळची वेळ, पंधरा-वीस मिनिटं, पंखा बंद, फोन घडी केलेल्या नॅपकिनवर, एक वितीच्या अंतरावर. व्हिडिओ नको, कॅमेरा दिसला की माणूस भाषण करतो. ऐकणारा एकच. उत्तर संपल्यावर मनात सहापर्यंत आकडे मोजून मग पुढचा प्रश्न, कारण नवी आठवण बहुधा त्या शांततेत येते. फाइलला तारीख आणि विषय द्यायचा, प्रत दोन ठिकाणी ठेवायची.

काम नातवाकडे दिलं. चौथ्या वेळी त्यानं विचारलं, "मग दुसऱ्या दिवशी पाणी कुठून आणलंत?" आणि पातेल्याच्या पलीकडचं सगळं आलं. धरणच गेल्यामुळे नळ कोरडे. वाड्यातला आड, ज्यात वर्षानुवर्षं कोणी पोहरा सोडला नव्हता, तो उपसून साफ केला. बारा वर्षांच्या मुलाकडे रहाट ओढायचं काम. तळहाताला फोड आले, त्यावर आई खोबरेल लावायची. चिखलात भिजलेली वह्या-पुस्तकं गच्चीवर वाळत घातलेली, भूगोलाच्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून बसली ती शेवटपर्यंत सुटली नाहीत. हे सुनेनं, मुलानं, बायकोनंही कधी ऐकलं नव्हतं.

इथं एक सावधगिरी. पुन्हा पुन्हा सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीखाली दडलेलं दुःख असतंच, असं धरून खोदायला जाऊ नये. बहुतेक वेळा गोष्ट सांगितली जाते कारण ती चांगली आहे आणि लोकांना आवडते. मात्र सांगताना हात थरथरणं, झोप उडणं, पाण्याचा आवाज सहन न होणं असं काही दिसलं तर घरच्यांनी प्रश्न थांबवावेत आणि तज्ज्ञाकडे न्यावं. नानांच्या बाबतीत असं काही नव्हतं.

तीन महिन्यांनी ताई आल्या तेव्हा पानशेत थांबलेलं नव्हतं, थांबावं अशी अपेक्षाही नव्हती. जेवणाच्या टेबलावर ते आठवड्यातून एकदा-दोनदा येत होतं. नाना आता इतरांच्या बोलण्यात मध्येच विचारत, "कुठली गाडी म्हणालास?" स्मृतीची चाचणी सहा महिन्यांनी पुन्हा करायची ठरली आहे आणि ती चुकवायची नाही, हे ताईंना लिहून दिलं.

एक नवा प्रश्न मात्र त्या घेऊन आल्या होत्या. नातवानं हौसेनं नाशिकच्या धाकट्या आजोबांनाही फोनवर मुद्रित केलं. ते म्हणाले, पातेलं होतं खरं, पण दूध लकडी पुलाच्या अलीकडेच सांडलं, पर्वतीला पोचलं ते रिकामं भांडं. आता घरात वाद: खरं कोणाचं?

१९८६ साली चॅलेंजर यानाचा स्फोट झाला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांकडून "बातमी कशी कळली" हे लिहून घेतलं होतं. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांच्या सांगण्यातला एकही मुख्य तपशील आधीच्या लिखाणाशी जुळला नाही, आणि तरी बहुतेकांना आपल्या आठवणीची खात्री होती. त्यात खोटेपणा नव्हता. आठवण दर वेळी नव्याने जुळवली जाते आणि सांगताना ज्या तपशिलाला दाद मिळते तो घट्ट बसतो.

त्यामुळे निवाडा करू नका, असं ताईंना सांगितलं. दोन्ही मुद्रणं ठेवा, प्रत्येकावर सांगणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. सासूबाईंचीही आवृत्ती त्यांना एकटीला बसवून घ्या, नाना भाजीला गेलेले असताना.