‘परावर्तित छत’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एका कार्यालयाच्या इंटिरियरची ड्रॉइंग आणि सोबतची टिपणं मराठीत करायची आहेत. ‘स्पेस प्लॅनिंग’ला ‘अवकाश नियोजन’ आणि ‘रिफ्लेक्टेड सीलिंग प्लॅन’ला ‘परावर्तित छत आराखडा’ हे शब्द चालतील का? शिवाय नकाशा आणि आराखडा यांत फरक काय?

शेवटचं आधी घेतो. ‘नकाशा’ अरबी ‘नक्श’वरून फारसीमार्गे आपल्याकडे आला; ‘नक्षी’ त्याच घरातली. कोरणं, रेखणं हा मूळ अर्थ, त्यामुळे नकाशा म्हटला की रेषा आल्याच. आराखड्याला चित्र लागतंच असं नाही. कृती आराखडा हा निव्वळ मजकूरही असू शकतो आणि नगररचनेतल्या ‘विकास आराखड्या’त नकाशे असले तरी ते त्याचा एक भाग असतात. म्हणून स्वागतकक्ष कुठे, बैठकीची खोली कुठे, कोणता विभाग कोणाच्या शेजारी, हे नुसते गोल काढून ठरवलेला पहिला कागद आराखडा म्हणावा. भिंती, दारं, मापं पक्की होऊन सुताराच्या हातात जातो तो नकाशा.

‘अवकाश नियोजन’ मला पटत नाही. चित्रकलेच्या समीक्षेत ‘अवकाश’ रुळला आहे हे मान्य. पण एरवी ‘अजून अवकाश आहे’ म्हणजे वेळ आहे, आणि ‘अवकाश मोहीम’ म्हणजे यान सुटणार. टेबलं आणि कपाटं ठरवायला एवढं वर जायला नको. ‘जागेची आखणी’ म्हणा. मग फर्निचर लेआउटला ‘मांडणी’ मोकळा राहतो आणि दोन्हींतला फरकही टिकतो: आखणीत ये-जा कुठून होईल, कुठे किती माणसं बसतील हे ठरतं, मांडणीत टेबल-खुर्च्या येतात. मांडणी बदलली म्हणून आखणी बदलावी लागत नाही; उलट मात्र होतं.

आता छत. इथे शब्द निवडण्याआधी हे ड्रॉइंग नेमकं काय दाखवतं ते पाहायला हवं. दिवे, एसीची जाळी, स्प्रिंकलर, धूर ओळखणारे सेन्सर असं वर जे जे बसणार ते यात दाखवतात. पण मान वर करून जसं दिसेल तसं काढलं तर डावं-उजवं फिरतं. आकाशाचा नकाशा आठवा: उत्तर वर धरली तर त्यात पूर्व डावीकडे छापलेली असते, कारण तो डोक्यावर धरून बघायचा असतो. छत तसं काढलं आणि जमिनीच्या नकाशावर ठेवलं, तर पूर्वेच्या टेबलावरचा दिवा पश्चिमेला जाईल. त्यावर उपाय म्हणून अशी कल्पना केली जाते की जमिनीवर आरसा पसरला आहे आणि त्यात दिसणारं छत आपण वरून पाहतो आहोत. आता दोन्ही कागदांवर पूर्व उजवीकडेच येते आणि ते एकावर एक बरोबर बसतात. ‘रिफ्लेक्टेड’ येतो तो एवढ्यासाठीच.

‘परावर्तित’मधून यातलं काहीच पोचत नाही. आपल्या शाळेच्या पुस्तकात परावर्तन होतं ते किरणाचं, आणि प्रकाश परतवणारं चकचकीत छत खरोखर बसवताही येतं. वाचणाऱ्याला तेच वाटेल. ‘प्रतिबिंबित’ अर्थाला जवळचा, पण कारागिराला सांगून बघा. माझं मत: शीर्षकात साधं ‘छताचा नकाशा’ लिहावं आणि खाली एक ओळ द्यावी, ‘दिशा जमिनीच्या नकाशाप्रमाणे’. चूक होऊ शकते ती दिशेची, तेव्हा सूचना दिशेबद्दलच हवी.

जाता जाता, फॉल्स सीलिंगला ‘खोटं छत’ करू नका. जुन्या वाड्यांत लाकडी फळ्यांच्या छताला तक्तपोशी म्हणत, फारसीत तख्ता म्हणजे फळी आणि पोश म्हणजे आच्छादन. स्लॅबखाली टांगलेल्या आच्छादनाला हा शब्द अर्थानं छान बसतो, आणि तो परत आला तर मला आनंदच होईल. पण काम करणारे ‘फॉल्स सीलिंग’च म्हणतात, म्हणून ड्रॉइंगवर तेच राहू द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण पुढे अडेल म्हणून: भिंतीच्या एलिव्हेशनला, म्हणजे भिंत समोरून जशी दिसते तशा ड्रॉइंगला, ‘दर्शनी भाग’ नको. दर्शनी म्हणजे इमारतीचं रस्त्याकडचं तोंड. केबिनच्या मागच्या भिंतीला ते कसं लावणार? ‘भिंतीचं उभं चित्र’ पुरेल. आणि सेक्शनला, म्हणजे मधून कापल्यावर आतलं जसं दिसेल तशा ड्रॉइंगला, नुसतं ‘छेद’ न लिहिता ‘उभा छेद’ लिहा, कारण मजल्याचा नकाशा हाही छेदच असतो, आडवा. जमिनीपासून साधारण 1.2 मीटरवर सगळं कापलं असं मानून वरून पाहतात, म्हणून तर त्यात कापलेल्या भिंती जाड दिसतात आणि खिडक्यांच्या जागाही कळतात.