सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी छाती धडधडते

"मॅडम, घरच्यांना वाटतं मी नाटक करते. आता मलाही तसंच वाटायला लागलंय."

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या, बँकेत काम करणाऱ्या एक बाई सांगत होत्या. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड, सोनोग्राफी... फुगलेल्या फाइलमध्ये सगळं नॉर्मल. तरी रात्री धडधड, तळहातांना घाम आणि बँकेत निघायच्या वेळी पोटात कळ. (ओळखीचे तपशील बदलले आहेत.)

रिपोर्ट चांगले आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही. मी त्यांना शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांचा १९२१ चा प्रयोग सांगितला. त्यांनी बेडकाच्या हृदयाकडे जाणारी व्हेगस नस उत्तेजित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या बेडकाच्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं! नसेतून एक रसायन पाझरलं होतं, अ‍ॅसिटिलकोलीन. याच्या उलट, भीती वाटली की नॉरअ‍ॅड्रेनलिन आणि अ‍ॅड्रेनलिन ही रसायनं ठोके वाढवतात. समोर साप असो की उद्याचं ऑडिट, शरीराची तयारी तीच. आणि शरीरातलं सुमारे ९० टक्के सेरोटोनिन, असंच एक निरोप पोचवणारं रसायन, आतड्यांत असतं, त्यांच्या हालचालीत त्याचा मोठा वाटा असतो.

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, "गोळ्या मी आठवड्यातच सोडल्या. मळमळायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, सवय लागते."

ही भीती मला जवळजवळ रोज ऐकू येते. मानसोपचारतज्ज्ञांनी त्यांना एसएसआरआय गटातली गोळी दिली होती. तिच्यामुळे मेंदूच्या पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन जास्त वेळ टिकतं. आतड्यांवरही परिणाम होतो, म्हणून सुरुवातीला मळमळ. ती बहुधा एक-दोन आठवड्यांत ओसरते. गुण यायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. म्हणजे त्यांनी नुसता त्रास सोसला आणि फायद्याच्या आधीच गोळी सोडली. या गोळीची दारूसारखी तलफ येत नाही. पण ती एकदम थांबवली तर चक्कर, बेचैनी होऊ शकते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. "सेरोटोनिन कमी म्हणून चिंता" इतका सरळ हिशेबही नाही; झोप, कामाचा ताण, घरचे टोमणे यांवर बोलावंच लागतं.

औषध ठरवणं माझं काम नाही. त्यांनी माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला, मळमळीचं सांगितलं आणि गोळी पुन्हा सुरू झाली. ऑडिटच्या दिवसांत पोट अजून बिघडतं, पण रात्रीची झोप परत आलीय.

छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर आधी फिजिशियनकडेच जा. तपासण्या झाल्यावरही त्रास राहिला आणि कोणाशी बोलावं कळत नसेल, तर टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.